गणवेश विसरला, एवढीच का व्हिटेकरची ओळख?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, डेट्रॉइट टायगर्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या ॲलन ट्रॅमलवरचा लेख वाचला. काल दिवसभर सोडून द्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. लेख चांगला आहे, ट्रॅमलही चांगलाच होता. पण पाऊण पान ट्रॅमल आणि शेवटच्या रकान्यात तळाला त्याच संघात दुसऱ्या बेसवर खेळणारा लू व्हिटेकर, तोही 'ऑल-स्टार सामन्याला गणवेश विसरून गेलेला गमतीदार साथीदार' म्हणून! गमतीदार साथीदार. वा!

विसरला, कबूल. १९८५ साली मिनियापोलिसला, निवडक खेळाडूंच्या त्या ऑल-स्टार सामन्यात, त्याने स्टेडियममध्ये विकायला ठेवलेली जर्सी घेतली, पाठीवर मार्करने १ आकडा काढला आणि खेळला. ती जर्सी आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. जर्सी राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचली आणि ती घालणारा अजून कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनाच्या, दाराबाहेर. गंमतच सांगायची होती तर ही सांगायची.

आपल्या लेखकांना ट्रॅमलच्या २३६५ हिट्सचं (म्हणजे बेस गाठून देणाऱ्या यशस्वी फटक्यांचं) भारी कौतुक. व्हिटेकरच्या २३६९ आहेत हो! होमरन ट्रॅमलचे १८५, याचे २४४. फलंदाजीची सरासरी, म्हणजे दर संधीमागे हिट्स, ट्रॅमलची ०.२८५, याची ०.२७६, हेही लिहितो, नाहीतर म्हणाल, म्हातारा सोयीचे तेवढे आकडे देतो. १९७७ च्या सप्टेंबरात बॉस्टनला दोघं एकाच सामन्यात पहिल्यांदा उतरले आणि पुढे १९१८ सामने शेजारी शेजारी खेळले. त्यातल्या एकाचं चरित्र लिहायचं आणि दुसऱ्याला तळटीप करायचं, हे जमतं तरी कसं?

आमचे अण्णा १९८७ च्या उन्हाळ्यात सांगलीहून आमच्याकडे आले होते. विजय हजाऱ्यांच्या गावचा माणूस, क्रिकेट सोडून बाकी सगळे खेळ पोरखेळ. त्यांना जुन्या टायगर स्टेडियमवर घेऊन गेलो. तिथे खांबाआडच्या जागा स्वस्त मिळत, तसल्याच आमच्या होत्या. व्हिटेकर बॅटिंगला निघाला आणि सगळं मैदान 'लूऽऽऽ' करून ओरडायला लागलं. अण्णा वैतागले, "पोरगा अजून काही चुकला नाही, आणि आधीच हुर्यो?" नाव घेतायत त्याचं, असं सांगितल्यावर गप्प बसले.

मग केव्हातरी शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या ट्रॅमलच्या जागेकडे, सरपटत चेंडू गेला. ट्रॅमलने तो उचलून दुसऱ्या बेसकडे दिला. पहिल्या बेसवरचा धावक घसरत, बूट पुढे करून व्हिटेकरच्या पायांवरच येत होता. व्हिटेकरने बेसला पाय लावला न लावला, चेंडू हातमोज्यात टेकला न टेकला, तोवर पहिल्या बेसकडे रवाना. धावक आणि फटका मारणारा, दोघं बाद. आणि हा कपड्यांवर डाग नाही असा शांतपणे डगआउटकडे चालू लागला. अण्णा खांबाच्या डाव्या बाजूने वाकून बघत होते ते तसेच वाकलेले राहिले. म्हणाले, "हा चेंडू पकडतच नाही रे, वाटेतल्या वाटेत वळवतो." उरलेला सामना त्यांनी फक्त दुसऱ्या बेसकडे बघत काढला. बेसबॉलचा एक नियम ठाऊक नसलेल्या माणसाला जे एका संध्याकाळी दिसलं, ते अमेरिकेतल्या पत्रकारांना १९ मोसमांत दिसलं नाही.

हो, पत्रकारांनाच. आपल्या लेखात यावर अक्षर नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. हॉल ऑफ फेमची पहिली मतं देतात ते १० वर्षं बेसबॉलचं वार्तांकन केलेले बातमीदार, म्हणजे आपलेच व्यवसायबंधू. प्रत्येकाला १० नावांपर्यंत मुभा. २००१ साली व्हिटेकरला ५१५ पैकी १५ मतं पडली. पाच टक्क्यांच्या खाली, म्हणून पहिल्याच वर्षी यादीतून नाव कायमचं उडालं. १९७८ चा सर्वोत्तम नवोदित, पाच वेळा ऑल-स्टार, उत्तम क्षेत्ररक्षणाचे तीन गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, १९८४ च्या विजेत्या संघाचा सलामीवीर. आणि मतं पंधरा! तो बोलायला चुकार होता, मुलाखतींना मसाला पुरवत नसे. १९९४ च्या खेळाडूंच्या संपात त्यांच्या बैठकीला लिमोझिनसारख्या आलिशान गाडीतून गेला, ते मात्र सगळ्यांच्या बरोबर लक्षात राहिलं. ट्रॅमलही मतदानात निवडून आला नाहीच, पण १५ वर्षं यादीत टिकला, नाव चर्चेत राहिलं, आणि २०१८ मध्ये, पत्रकारांच्या मतदानात राहून गेलेल्यांचा फेरविचार करणाऱ्या समितीमार्फत आत गेला. व्हिटेकर २०१९ ला समितीपुढे आला तेव्हा १६ पैकी ६ मतं. लागतात १२. टायगर्सनीसुद्धा त्याचा १ नंबर निवृत्त केला, म्हणजे पुन्हा कुणाला न देण्याचा मान दिला, तो २०२२ मध्ये, ट्रॅमलच्या ३ नंबरनंतर चार वर्षांनी.

आता छायाचित्र. खाली छापलंय 'फटका मारताना व्हिटेकर'. फोटोतला खेळाडू उजव्या हाताने बॅटिंग करतोय. व्हिटेकर फेकायचा उजव्या हाताने, पण बॅटिंग आयुष्यभर डावखुरी. म्हणजे त्याच्या वाट्याला आलेल्या त्या वीतभर जागेतही बहुधा ट्रॅमलच! दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पुरवणीतच छापावी, शेअर बाजाराच्या भावांखाली नको.

शब्दकोड्याबद्दल मागेही कळवलं होतं. ई-पेपरमध्ये त्याच्या उजवीकडच्या दोन उभ्या ओळी जाहिरातीखाली झाकल्या जातात. सौ. रोज माझ्यावर चिडते, जणू मीच ती जाहिरात दिलीय.

आपला (अजून तरी) नियमित वाचक,
ट्रॉय, मिशिगन