दिवाळीला मी येत नाही, मार्चमध्ये तुम्ही या

म्सीदा, माल्टा
१४ सप्टेंबर

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई नुसतं "बरं" म्हणते, बाबा दोन वाक्यांत फोन तिच्या हातात देतात, आणि तुमच्या मनात काय आलं ते मला कळत नाही. म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्यानं वाच. बाबांच्या डोळ्यांना ताण नको.

आधी जे सांगायचं ते सांगून टाकते. इथल्या नोकरीचा करार मी आणखी दोन वर्षांसाठी वाढवला. सही झाली. लगेच वाईट वाटून घेऊ नका, पुढचं ऐका. गेल्या गणपतीत आपण यावर बोललो होतो आणि बाबा म्हणाले होते, "तुझं तू ठरव." मी ठरवलं. घराचे हप्ते अजून आहेत. दादानं एकट्यानं सगळं ओढावं हे मला काकांच्या वेळेपासून पटत नाही. शिवाय इथं मी वॉर्डात जे शिकते आहे ते तिकडे शिकायला मिळालं नसतं. रात्रपाळी असली तरी तास मोजून असतात, जेवायला वेळ मिळतो, कोणी अंगावर ओरडत नाही. मी नीट आहे. वजनही वाढलंय.

दिवाळीला मात्र येता येणार नाही. रजा मावशीच्या वेळी संपली, आणि तिच्यापाशी होते याचं मला समाधानच आहे. लाडूंचा डबा कुरियर करू नकोस आई, पोचेपर्यंत चुरा होतो. भाऊबीजेला दादाला व्हिडिओवर ओवाळीन. तेवढं ताट मांडून ठेव.

आता दुसरी गोष्ट. तुम्हा दोघांची मार्चची तिकिटं मी काढली आहेत. मुंबईहून दुबई, दुबईत विमान बदलून माल्टा. बाबा, किंमत विचारायची नाही. जादा ड्यूटीच्या पैशांतून काढली आहेत आणि ती रद्द करता येत नाहीत. मार्च मुद्दाम निवडला. इथं जुलै-ऑगस्टचं ऊन आईला सोसणार नाही, आणि जानेवारीत दगडी घरं आतून ओल धरतात, बाबांचा गुडघा धरेल.

तुम्ही यायला हवं याचं एक कारण मी स्वतः आहे, ते तुम्हाला कळतंच. दुसरं कारण इथल्या राजधानीत, व्हॅलेटाला आहे, माझ्या खोलीपासून बसनं थोड्याच अंतरावर.

बाबा, तुमच्या कपाटातलं ते शिवण सुटलेलं पुस्तक आठवतं? इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना छायाप्रकाश समजावताना तुम्ही त्यातलं काराव्हाज्जोचं पान उघडायचात. काळं-पांढरं, बोटाएवढं छापलेलं. "सावलीला घाबरू नका, सावली नीट भरली की उजेड आपोआप येतो," असं म्हणायचात. मला तेव्हा स्मरणचित्र जमायचं नाही. तुम्ही अर्ध्या ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढून द्यायचात आणि माझा हात हातात धरून मडक्याची सावली भरून घ्यायचात. तुमच्या बोटांना खडूचा आणि रबराचा वास यायचा. त्या काराव्हाज्जोचं सगळ्यांत मोठं चित्र या गावात आहे. सेंट जॉन्स को-कथीड्रल या मोठ्या चर्चमध्ये. तुम्ही ते बघितलं नाहीत तर मला इथं राहण्यात अर्थ वाटणार नाही.

मी सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन बसते. तुमच्यासाठी पायऱ्या किती, बसायला कुठे, सगळं बघून ठेवलंय. बस थेट शहराच्या वेशीशी सोडते. तिथून रस्ता सपाट आहे आणि गाड्या येत नाहीत. व्हॅलेटाच्या बाकीच्या गल्ल्या चढाच्या आहेत, तिकडे मी तुम्हाला नेणारच नाही.

बाहेरून बघाल तर निराश व्हाल. साधी पिवळसर दगडाची भिंत, दोन बाजूंना दोन मनोरे, बस्स. जिरोलामो कास्सार हा ती बांधणारा माणूस तटबंदीच्या कामातला. माल्टाला पडलेला तुर्कांचा वेढा उठला १५६५ मध्ये (बाबा, त्याच वर्षी आपल्याकडे तालिकोटची लढाई), मग सेंट जॉनच्या नावाच्या संघटनेतल्या ख्रिस्ती सरदारांनी हे शहर नव्यानं वसवलं आणि १५७३ ते १५७७ या काळात हे चर्च उभं केलं. तेव्हा आतूनही ते साधंच होतं. शंभरेक वर्षांनी मात्तिया प्रेती नावाचा इटालियन चित्रकार आला आणि त्यानं आतलं सगळं रूप पालटलं.

आत गेल्यावर पहिल्यांदा मला काही सुचलंच नाही. भिंतीवर एक बोट टेकवायला मोकळी जागा नाही. पानं, फुलं, देवदूत, आठ टोकांचे क्रूस, सगळं सोन्यानं मढवलेलं. आणि हे नक्षीकाम वेगळं घडवून चिकटवलेलं नाही, उभ्या भिंतीतच कोरलंय. इथला चुनखडीचा दगड मऊ असतो, म्हणून ते शक्य झालं.

छत प्रेतीनं १६६१ ते १६६६ या वर्षांत रंगवलं. लाल महाल, सुरत, आग्रा, महाराजांचं हे सगळं त्याच वर्षांतलं. इकडे तो माणूस परांचीवर चढून संत योहानाच्या, म्हणजे ज्याच्या नावाचं हे चर्च त्या सेंट जॉनच्या, आयुष्यातले अठरा प्रसंग रंगवत होता. आणि बाबा, ओल्या गिलाव्यावर नाही, थेट दगडावर, तेलरंगात! कडेच्या आकृत्यांच्या सावल्या त्यानं अशा टाकल्यात की त्या रंगवलेल्या की कोरलेल्या ते खालून ओळखू येत नाही. पुढे तो इथंच राहिला, १६९९ मध्ये गेला, आणि याच चर्चच्या फरशीखाली त्याला पुरलंय. तुम्ही मान वर करून बघत उभे राहू नका, मानेचं दुखणं वाढेल. खुर्चीत बसायचं. मी हातआरसा आणीन, तो मांडीवर धरून छत बघायचं. मी करून पाहिलंय, छान दिसतं.

आई, आता तुझ्यासाठी. जुन्या गोव्याला बॉम जीझसमध्ये तू आत आलीच नाहीस, बाहेर झाडाखाली पिशव्या राखत बसलीस. इथं तसं करायचं नाही. कोणी काही म्हणायला सांगत नाही, कोणी हटकत नाही, हात जोडावेसे वाटले तर जोड. फरशी बघून मात्र तुझे पाय अडखळतील, ते आत्ताच सांगते. सगळ्या जमिनीवर सरदारांच्या समाध्या आहेत, सुमारे चारशे. रंगीत संगमरवर कापून, एकमेकांत बसवून केलेल्या. त्यात सांगाडे आहेत, तुताऱ्या फुंकणारे देवदूत आहेत, घराण्यांची निशाणं आहेत. मलाही सुरुवातीला पाय ठेववेना. पण त्यांनी स्वतःच आपली जागा तिथं मागून घेतली होती. आपल्याकडे नामदेवांनी विठोबाच्या पायरीशी मागितली ना, तसंच मनात आण आणि चाल. टोकदार टाचांची पादत्राणं चालत नाहीत, दगडाला खड्डे पडतात. तुझे ते तपकिरी सँडल घाल, नवे घेऊ नकोस.

तुला आवडेल असं आणखी सांगते. सरदारांचा प्रमुख, ग्रँड मास्टर पेरेयोस, यानं ब्रसेल्समध्ये विणून घेतलेले भलेमोठे चित्रांचे पडदे आहेत, रुबेन्स या चित्रकाराच्या चित्रांवरून केलेले. तुझ्या हातमागाच्या नजरेला त्यातली वीण कळेल, मला नाही कळत.

आणि मग बाजूच्या प्रार्थनागृहात ते चित्र. योहानाचा शिरच्छेद. १६०८ सालचं, रुंदी पाच मीटरच्या वर. बाबा, पुस्तकात ज्याचा अंदाज येत नाही ते असं: सगळी माणसं डावीकडे एका घोळक्यात आणि उजवा अर्धा भाग जवळजवळ रिकामा. नुसती तुरुंगाची भिंत, लोंबणारा दोर, गजाआडून बघणारे दोन कैदी. तुम्ही मुलांना सांगायचात, कागद भरू नका, जागा सोडा. एवढी जागा सोडायची छाती मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. मारेकऱ्याचा हात पाठीमागच्या सुरीकडे गेलाय, कारण तलवारीनं काम पुरतं झालेलं नाही. तुरुंगाधिकारी बोटानं टोपली दाखवतोय. खाली रक्ताचा ओघळ आहे आणि त्याच रक्तात चित्रकारानं आपलं नाव लिहिलंय. त्याची सही असलेलं हे एकच चित्र. जवळून बघायला हवं.

तुम्ही विचाराल म्हणून त्याचीही हकीगत सांगते. रोममध्ये त्याच्या हातून खून झाला होता, तिथून पळत पळत १६०७ मध्ये तो इथं पोचला. जुलै १६०८ मध्ये त्याला सरदारकी मिळाली. थोड्याच दिवसांत मारामारीत अडकला, किल्ल्यात कैद झाला, तिथूनही निसटला. १ डिसेंबर १६०८ ला सरदारांनी सभा भरवून, तो हजर नसताना, त्याला संघटनेतून काढून टाकलं. सभा भरली याच चित्रासमोर. दोन वर्षांच्या आत तो वारला. बाबा, तुम्ही याच्यावर मुलांना तासभर बोलला असता.

आई, तुला हे चित्र बघायचंच असं नाही. नकोसं वाटलं तर आपण दोघी बाहेर बसू. पण त्यात एक म्हातारी बाई आहे. दोन्ही हातांनी डोकं धरून उभी. बाकी सगळे आपापलं काम करतायत, तिला एकटीला ते सहन होत नाहीये. त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात तू अशीच उभी होतीस. हे लिहू की नको असं दोनदा वाटलं. तुला दुखवायला नाही लिहिलं. तुझ्यासारखं कोणीतरी तिथं आहे, म्हणून मला तिथं जाऊन बसावंसं वाटतं, एवढंच.

दुसरं चित्रही तिथं आहे, लिहीत बसलेला संत जेरोम. १९८४ मध्ये चोरांनी ते चौकटीतून कापून नेलं होतं, १९८७ मध्ये परत मिळालं. म्हातारा माणूस, लाल वस्त्र, उघडं अंग, आणि उजेड नेमका कपाळावर आणि खांद्यावर.

आता बाबा, नीट ऐका. तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं तुम्ही "चालतंय" म्हणून दोन दिवाळ्या ढकललंत. चालत नाहीये. मोतीबिंदूचं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं, गडद रंगांतला फरक कळेनासा होतो. या चित्रात निम्म्याहून जास्त काळा आणि तपकिरीच रंग आहे. तसे आलात तर उजव्या डोळ्याला भिंत दिसेल आणि डाव्याला नुसता चिखल. एवढ्या लांब येऊन तसं व्हायला नको. भाऊबीज झाली की त्याच आठवड्यात ऑपरेशन करून घ्या. थेंब महिना-सव्वा महिना चालतात, मार्चपर्यंत भरपूर वेळ आहे. मागच्या वेळच्याच डॉक्टरांकडे जा, दादा येईल, त्याच्याशी बोलले आहे. मी नसेन, हे मला टोचतंय. पण थेंबांच्या वेळा मी रोज फोन करून विचारणार आणि आईनं खरं सांगायचं.

आधी शुगर तपासून घ्या. गुडघ्याचे व्यायाम सकाळी चहाच्या आधी, नंतर नाही. विमानतळावर तुमच्या दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. बाबा, रागवू नका, तुम्हाला चालता येत नाही म्हणून नाही. दुबईला एका दरवाजापासून दुसऱ्यापर्यंत फार लांब जावं लागतं, आणि आई तुमच्यामागे धावते. विमानात दर दोन तासांनी उठून चार पावलं टाका. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

इथली काळजी करू नका. इमारतीला लिफ्ट आहे. बाथरूममध्ये बादली, तांब्या आणि स्टूल आणून ठेवलंय, कमोडला हँडल बसवून घेतेय. कुकर आहे, तूरडाळ मिळते, तांदूळही बरा मिळतो. नळाचं पाणी खारट लागतं, त्यातलं बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं असतं, म्हणून प्यायला बाटल्या भरून ठेवीन. पलंग तुम्हाला, मी खाली झोपणार. यावर वाद नको, मला तुमच्या खोलीत खाली झोपायचंय.

कथीड्रलला घाईनं जायचं नाही. पहिले दोन दिवस झोप. मग सकाळी उघडल्या उघडल्या, गर्दी व्हायच्या आत. रविवारी नाही, रविवारी ते पर्यटकांना बंद असतं. बाबा, वही आणा. जाड कागदाची, आणि चार-बी, सहा-बी पेन्सिली. टोक मी काढून देईन.

तुमची,
मनू

ता. क. व्हिसाला दोघांना मुंबईला जावं लागेल, बोटांचे ठसे घेतात. नोव्हेंबरमध्येच फोटो काढून ठेवा. विमा मी इथून काढते. आई, तूप, पेढे, चक्का यातलं काही बांधू नकोस, दुधाचे पदार्थ इकडे आणू देत नाहीत. लोणचं आण, आंब्याचं, दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत.