टर्म्सवर टिक म्हणजे संमती नव्हे

संपादक महोदय,
मानसशास्त्रातल्या प्रयोगांचा विषय निघाला की सगळे मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञावर येऊन थांबतात, १९६१ साली येल विद्यापीठात सुरू झालेला तो खोट्या शॉकचा प्रयोग, सांगितलं म्हणून लोक दुसऱ्याला (खरे समजून) विजेचे शॉक देत गेले, ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले वगैरे. ठीक आहे, पण त्या लोकांना निदान आपण प्रयोगात आहोत एवढं तरी माहीत होतं ना! फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर जवळपास ६ लाख ८९ हजार लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी केल्या आणि त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते बघितलं, आणि यातल्या कोणालाच पत्ता नाही. २०१४ ला त्यावरचा शोधनिबंध छापून आला तेव्हा बोंबाबोंब झाली, तर म्हणे लोकांनी अकाउंट उघडताना फेसबुकची पॉलिसी मान्य केलीच होती की. ती कोण वाचतं हो? परिणाम अगदी किरकोळ निघाला हे खरं, पण ते नंतर कळलं, आधी नाही. त्यात कोणी आधीच डिप्रेशनमध्ये असेल, कोणी अल्पवयीन असेल, त्याचं काय? फसवून प्रयोग करायचाच असेल तर नंतर बोलावून सगळं सांगायचं असा नियम आहे, इथे तेही झालं नाही. कंपन्यांच्या अशा प्रयोगांनाही विद्यापीठांसारखी एथिक्स कमिटी (प्रयोग नैतिक आहे का ते आधी तपासणारी समिती) सक्तीची करा, आणि तीही बाहेरची.
- एक वाचक