मावशी, प्रबंधात न मावलेले आभार

आदरणीय मावशी,
सप्रेम नमस्कार.

पशुवैद्यक शास्त्रातील माझा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाने मान्य केल्याचे मी फोनवर सांगितले, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, ‘मग आता पगार वाढंल का?’ पगाराचे काय व्हायचे ते होईल. मला मात्र दुसरीच गोष्ट टोचते आहे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात प्रथेप्रमाणे पदांच्या उतरंडीने नावे छापली गेली. माझा आराखडा टेबलाच्या खणात महिनोन्‌महिने ठेवणाऱ्या साहेबांचेही ‘मोलाचे सहकार्य’ तिथे नोंदले गेले, आणि तुम्ही मात्र ‘सांगोला तालुक्यातील सर्व पशुपालक’ एवढ्या शब्दांत बसलात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे सांगते. माझा विषय गोचीड ताप, म्हणजे थायलेरिओसिस. ‘थायलेरिया ॲन्युलाटा’ नावाचा एकपेशीय परजीवी गोचिडांमार्फत जनावरात शिरतो. मग जोराचा ताप येतो, खांद्यापुढची गाठ सुजते, रक्त कमी होते आणि दूध आटते. आपल्या खिलारांना हा रोग सहसा तितका जड जात नाही, पण संकरित होल्स्टीन गाय त्याने बघता बघता आडवी होते. बुपार्वाक्वोनचे इंजेक्शन लवकर मिळाले तर बहुतेक जनावरे वाचतात. अडचण या ‘लवकर’ची आहे, कारण रक्त न तपासता नुसती ताप उतरवण्याची सुई टोचून जाणारे लोक गावोगाव फिरतात, आणि हाताशी असलेले दिवस तिथेच संपतात.

नमुने गोळा करायला मी निघाले तेव्हा सुरुवात मोठ्या गोठ्यांपासून केली, कारण एका ठिकाणी पुष्कळ जनावरे मिळावीत असा हिशेब होता. एका बड्या गोठ्याच्या मालकांनी चहा पाजला, लहानसे भाषण दिले आणि ‘आमच्या गोठ्यात रोग सापडला असे कुठे छापून यायला नको’ म्हणत रक्ताचा एक थेंबही घेऊ दिला नाही. माझ्याच क्षेत्रातील एका जाणत्या गृहस्थांनी तर ‘सोलापूरच्या दुष्काळी मुलखात नवे काय सापडणार?’ असे हसत विचारले. दवाखान्याची नोकरी सांभाळून, उन्हातान्हात बर्फाची पेटी मोटारसायकलला बांधून फिरणाऱ्या बाईला असे प्रश्न जरा जास्तच ऐकावे लागतात.

तुमच्या वस्तीवर मी आले ते दूध संकलन केंद्रावरच्या मुलाने सांगितले म्हणून. तुम्ही एकही कागद मागितला नाहीत. उलट दूध पुस्तिकेच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने लिहिलेल्या नोंदी पुढे केल्यात: कोणत्या गाईला ताप कधी आला, तिने वैरण कधी सोडली, दूध किती लिटरने घटले. त्याहून मोलाचे तुमचे एक वाक्य होते: ‘बाई, दगडी भितीकडं बांधलेलीलाच ताप येतोय, मोकळ्या बाजूच्यांना नाही.’ गोचिडांच्या ‘हायलोमा’ गटाविषयी पुस्तकात हेच वाचायला मिळते. पिल्लू असताना तो आजारी जनावराचे रक्त पितो, भिंतीच्या भेगेत जाऊन कात टाकतो, मोठा होतो आणि पुढच्या जनावराला चावताना रोग सोडतो. तुम्ही ते पुस्तकाशिवाय पाहिले होते. त्यानंतर मी प्रत्येक गोठ्यात भिंतीच्या भेगा टॉर्चने तपासून नोंदवू लागले, आणि परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त वेळ चर्चा केली ती त्याच प्रकरणावर.

यासाठीही मी आभार मानले असतेच. पण ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते वेगळे आहे. तुमची कपिली गेली, त्या पहाटेचे.

वर म्हटले तशीच सुई तुमच्याकडेही आधी टोचून गेली होती आणि मी पोहोचले तेव्हा फार उशीर झाला होता. गाय गेल्यावर तुम्हीच फोन केलात, ‘ती गेली. तुमच्या कामाची असंल तर बघा.’ असे कधी कोणाला मागायची माझी हिंमत झाली नसती. दिवसाला वीसेक लिटर दूध देणारी, मुलाच्या शिक्षणाचा खर्च अंगावर पेलणारी गाय. तिच्या चौथ्या पोटातले व्रण, वाढलेली प्लीहा आणि गाठींचे नमुने मला मिळाले. काम आटोपेपर्यंत तुम्ही लांब बाभळीखाली पाठ करून बसला होतात. मी उठले तर तुम्ही चुलीवर तापवलेले पाणी तांब्यातून घेऊन आलात, माझ्या हातांवर स्वतः ओतलेत आणि म्हणालात, ‘गार पाण्यानं वास जात नाही.’

मावशी, त्या दिवशी घरात चूल पेटायचे कारणच नव्हते. ती फक्त माझ्या हातांसाठी पेटली होती. पदव्यांच्या या सगळ्या वाटचालीत, पदवी, पदव्युत्तर आणि आता ही, मला पुष्कळ विद्वान भेटले, काही खरोखर मोठे होते; पण स्वतःचे नुकसान समोर पडलेले असताना दुसऱ्याच्या हातांचा विचार करणारे माणूस मला क्वचितच भेटले. भलेपणा आपण देणगीच्या पाटीवर आणि सत्काराच्या शालीत शोधतो. पेटीसाठी घरचा बर्फ देणाऱ्या संकलन केंद्रावरच्या मुलात तो होता, रात्री वाट दाखवायला पुढे चालणाऱ्या मेंढपाळातही होता, आणि त्यांच्यापैकी कोणी प्रबंध वाचणार नाही. वाचणाऱ्यांनी मात्र एवढे जाणावे की त्यातील प्रत्येक तक्त्यामागे कोणाची तरी दावणीची गाय उभी आहे.

आता कामाचे. उरलेल्या दोन्ही गाईंच्या रक्तात परजीवी आढळला नाही. दगडी भिंत तुम्ही सिमेंटने लिंपून घेतलीत हे उत्तम झाले. गव्हाणीखालची फट मात्र तशीच राहिली आहे, तीही बुजवा. कालवडीला गोचीड तापाची लस देता येईल का, हे मी आल्यावर तिला तपासून ठरवू. उन्हाळा वाढण्याआधीच येते. दूध पुस्तिका माझ्याकडेच आहे, ती सोबत आणते. पुढच्या नोंदींसाठी नवी वहीही आणते, आणि ‘नको’ म्हणायचे नाही.

तुमची,
डॉक्टरबाई