एसीचा होज बदलला. गॅस किती ग्रॅम भरला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अकोला, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की मोटारींच्या एसीचे होज, म्हणजे गॅस वाहून नेणाऱ्या लवचीक नळ्या, फुटण्याच्या तक्रारी वाढतात. होज फुटणे हा काही मोठा बिघाड नव्हे. परंतु तो ज्या घाईने दुरुस्त केला जातो आणि दुरुस्तीनंतर ज्या अंदाजाने गॅस भरला जातो, त्यामुळे पुष्कळ गाड्या त्याच दुखण्यासाठी पुन्हा गॅरेजच्या दारात येतात. याविषयी वाहनमालक आणि कारागीर या दोघांचेही लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र.

गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे, म्हणजे पुढच्या जाळीकडे जाणाऱ्या डिस्चार्ज लाईनमध्ये आपल्याकडील भर उन्हात सव्वादोनशे ते अडीचशे पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब सहज असतो. गाडीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या तो सात-आठ पट झाला. हा दाब पेलणारा होज साध्या रबराचा नसतो. त्याच्या आत नायलॉनचा पातळ थर असतो, त्यावर रबर, मग धाग्याचे वेष्टण आणि वर पुन्हा रबर अशी त्याची बांधणी असते, कारण एसीत भरला जाणारा आर-१३४ए हा गॅस नुसत्या रबरातून हळूहळू झिरपून जातो. म्हणून फुटलेला भाग कापून तेथे पेट्रोलच्या किंवा हायड्रॉलिकच्या नळीचा तुकडा घालून दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळणे, हा जो उपाय हमरस्त्यावरील गॅरेजांत सर्रास दिसतो, त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

याचा अर्थ कंपनीचा संपूर्ण पाईपच विकत घ्यावा असा नव्हे. ॲल्युमिनियमची टोके शाबूत असतील तर एसीसाठीचाच नवा होज योग्य मापाने कापून, त्याच टोकांवर नवी फेरूल (धातूचे कडे) चढवून मशीनवर क्रिम्पिंग करून, म्हणजे ते कडे होजवर घट्ट दाबून, घेता येते. जुन्या गाड्यांचे पाईप बाजारात मिळत नाहीत, तेव्हा तर हाच मार्ग उरतो. असे काम करणारे कसबी लोक मोठ्या शहरांत आहेत आणि त्यांचे काम नव्या पाईपच्या तोडीचे असते. काही शोरूमवाले या कामाला नाके मुरडतात, पण त्यामागचे कारण नेहमीच तांत्रिक असते असे मला वाटत नाही.

खरा प्रश्न पुढे येतो. होज फुटताना गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर फेकले जाते. तेवढेच आणि त्याच प्रतीचे तेल परत घातले नाही, तर काही महिन्यांत कॉम्प्रेसर जाम होतो आणि दोष मात्र ‘कंपनीच्या मालावर’ ढकलला जातो. हे तेल हवेतील ओल फार लवकर शोषते, म्हणून यंत्रणा उघडी राहिली असल्यास ओल शोषणारा ड्रायर बदलणे, सांध्यांवरच्या ओ-रिंगा (रबरी कडी) नव्या घालणे आणि गॅस भरण्यापूर्वी किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम मारणे, म्हणजे आतली हवा व ओल पंपाने ओढून काढणे, आवश्यक असते. पंप बंद केल्यावर गेजचा (दाबमापकाचा) काटा जागेवरून हलत नाही ना, हेही पाहायला हवे. ‘गिऱ्हाईक थांबले आहे’ या सबबीखाली सर्वात आधी काट मारली जाते ती याच वेळेला.

त्यानंतर गॅस. बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखाली एक स्टिकर असतो आणि त्यावर गॅसचे वजन ग्रॅममध्ये लिहिलेले असते; लहान हॅचबॅक गाड्यांना बहुधा साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम लागतो. प्रत्यक्षात तो वजनकाट्यावर न तोलता गेजवर पाहून, किंवा पाईपला हात लावून गारवा अजमावून भरला जातो. गेजवरचा दाब बाहेरच्या तापमानाप्रमाणे बदलत असल्याने ४५ अंशांत हा अंदाज हमखास फसतो. शिवाय साडेचारशे ग्रॅमचा डबा फोडला की तो संपवूनच टाकायचा आणि ‘उन्हाळा आहे, थोडा जास्त असू द्या’ म्हणायचे, अशी रीत पडली आहे. जास्तीच्या गॅसने गारवा वाढत नाही, दाब वाढतो. त्यात कंडेन्सर धुळीने बुजलेला असेल किंवा त्याचा पंखा मंदावला असेल, तर नुकताच बसवलेला होजही टिकत नाही. होज का फुटला, हे शोधण्याआधीच गॅस भरणाऱ्या कारागिराने निम्मेच काम केलेले असते.

यात पर्यावरणाचाही भाग आहे. आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापमानवाढ करणारा वायू मानला जातो. म्हणजे चारशे ग्रॅम गॅस हवेत सोडणे हे जवळपास अडीचशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. असे वायू कमी करण्यासाठी २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीला (माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारातील बदलाला) भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. होज फुटल्यावर गेलेला गॅस परत येत नाही हे खरे. पण सांधा नुसता पाझरत असेल तर तो ढिला करून उरलेला गॅस ‘सोडून देणे’ तरी थांबवता येईल. गॅस काढून साठवणारे यंत्र महाग असते हे मान्य आहे, परंतु एका गावातील चार गॅरेजांनी मिळून ते घेणे अशक्य नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एसी-फ्रिज दुरुस्तीच्या क्षेत्रातील एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. मोटारींच्या एसीची कामे करणाऱ्या तालुक्याच्या गावांतील मुलांसाठी आयटीआयमधून क्रिम्पिंग, गळती तपासणी आणि वजनाने गॅस भरणे एवढ्याच विषयांचे आठवडाभराचे वर्ग संध्याकाळी घेता येतील. माझी मुख्य मागणी मात्र याहून साधी आहे. गॅरेज संघटनांनी आपल्या सभासदांच्या बिलांवर ‘गॅस भरला’ एवढेच न लिहिता किती ग्रॅम भरला, तेल कोणते व किती घातले आणि होज फुटण्याचे कारण काय आढळले, हे लिहिणे बंधनकारक करावे. आणि वाहनमालकांनीही तसे लिहिलेले बिल हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक (आयटीआयमधील शिक्षक), अकोला