बोहरी आळीतल्या दोरीवाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ट्रेकच्या बुटांना लांब लेस शोधत पुण्याच्या रविवार पेठेत फिरणारी आणि शेवटी तुमच्या दोरखंडांच्या दुकानात शिरलेली मुलगी, ती मी.

माझे बूट धडधाकट होते. लेस तेवढ्या वरच्या लोखंडी हुकांना घासून घासून तुटायला आल्या होत्या. चपलांच्या दुकानांत मिळायच्या त्या आखूड, घोट्याच्या वर पोचतच नव्हत्या. सह्याद्रीत उतरणीवर बूट सैल असला की बोटं पुढे आपटतात, नखं काळीनिळी होतात, टाचेला फोड येतात. नुसत्या लेसपायी चांगले बूट टाकायचे, हे मनाला पटत नव्हतं.

तुम्ही आधी बूट हातात घेऊन त्याची भोकं पाहिलीत, मगच पॅराकॉर्डचं बंडल काढलंत. मूळची पॅराशूटची दोरी. साधारण ४ मिमी जाड, वर नायलॉनचं विणलेलं आवरण, आत ७ धागे. तिला ५५० म्हणतात, कारण ती ५५० पौंड, म्हणजे जवळजवळ २५० किलो ताण सोसते. हे सांगून लगेच दटावलंतही, "म्हणून हिला लटकून कडा उतरायचा नाही. ही बुटापुरती."

आतले धागे ओढून काढायची तुमची युक्ती मला फार आवडली. रिकामं आवरण चपटं होतं, भोकातून सहज जातं आणि गाठ घट्ट बसते. गोल, गुळगुळीत नायलॉनची गाठ चालता चालता सुटते. धागे काढल्यावर आवरण लांबतं, म्हणून ते आधी ताणायचं आणि मगच जुन्या लेसच्या मापानं, थोडं जास्त ठेवून कापायचं. कापलेलं टोक उसवू नये म्हणून वितळवायचं, पण ज्योतीच्या आत न घालता कडेला धरायचं, काळं पडू द्यायचं नाही. वितळलेलं नायलॉन बोटाला चिकटलं तर चांगलंच भाजतं, म्हणून तुम्ही ते चमच्याच्या पाठीनं दाबून दाखवलंत. वर इलेक्ट्रिकच्या दुकानातली, उष्णतेनं आवळणारी नळी चढवायची, की भोकात ओवायला टोक तयार.

मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती. काही मीटर दोरीच्या विक्रीत तुम्हाला सुटणार ते किती! तरी दुसरी लेस माझ्याकडून करून घेतल्याशिवाय तुम्ही मला सोडलं नाहीत. काका, दोरी कुठेही मिळाली असती. असं शिकवणारं कोण भेटतं?

त्या लेस अख्खा पावसाळा टिकल्या. भिजल्यावर नायलॉन थोडं ताणतं, म्हणून पावसात वाटेत थांबून एकदा आवळून घ्यावं लागतं, एवढंच. काढलेले धागेही मी जपून ठेवले होते. राजगडाच्या वाटेवर मैत्रिणीच्या सॅकचा पट्टा उसवला, तो त्यांनीच शिवला. दुसऱ्या एकाच्या बुटाचा तळवा निघाला, तेव्हा जादा लेस काढून तो बांधला आणि तो बिचारा पायथ्याच्या गुंजवणे गावापर्यंत नीट चालत आला.

आता आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना अशा लेस हव्या आहेत. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळेच येतो आहोत. गडद रंगाचं एक बंडल बाजूला काढून ठेवाल का? शिकवायचं काम या वेळी मी करीन, तुम्ही फक्त लक्ष ठेवा.

तुमची कृतज्ञ,
लेसवाली मुलगी