दोरी आणि पकड जुळायलाच हवी

मा. संपादक,

पावसाळ्यापूर्वीच्या फांदीछाटणीसाठी कामगारांना दोरीवर चढायची यांत्रिक साधने द्यायलाच हवीत. पण नुसते साधन देऊन भागत नाही. त्यावर कोरलेली जाडी आणि दोरीची जाडी जुळली पाहिजे. बारीक दोरीवर साधनाची पकड सरकते, जाड दोरीवर अडकते. दातेरी ॲसेंडर (दोरीला दातांनी धरून वर सरकणारी पकड) फक्त चढण्यासाठी असतो. ढिल्या दोरीवर झटका बसला, तर साधारण ४ ते ६ किलोन्यूटनलाच (सुमारे ४०० ते ६०० किलो वजनाइतक्या ओढीला) त्याचे दात दोरीचे आवरण फाडतात, म्हणून दोरी सतत ताणलेली हवी. चिकाने पकडीची स्प्रिंग अडते. ती रोज ब्रशने साफ करावी. करवत चालवताना तारेचा गाभा असलेला दुसरा पट्टा खोडाभोवती हवाच. जमिनीपासून हातभर उंचीवर पूर्ण वजन टाकून पाहिल्याशिवाय कुणालाही वर पाठवू नये.

– एक वाचक, पुणे