ध्यानचंद, बलबीर आणि ऐन भरातली वर्षे

सातारा,
२९ ऑगस्ट

प्रिय अनंतास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र गेल्या आठवड्यात मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू मांडलेला मुद्दा हातावेगळा करण्याइतका हलका नव्हता. हॉकीत ध्यानचंदांचे नाव कितीही मोठे असले तरी ऐन भरातला खेळच तोलायचा ठरवला, तर पारडे बलबीरसिंगांकडे झुकते, असे तू लिहिले आहेस. सांगलीला आयर्विन पुलावर संध्याकाळी उभे राहून आपण हाच वाद घालायचो, तेव्हा दोघांकडेही आकडे नव्हते, केवळ आवाज होता. या वेळी मी वही घेऊन बसलो आणि जे हाती लागले ते तुला सविस्तर कळवतो आहे. आज ध्यानचंदांचा जन्मदिवस आहे, म्हणून पत्र आजच पुरे करायचे ठरवले.

आधी वर्षे ठरवू. ध्यानचंद १९२८ साली ऑलिंपिकसाठी ॲमस्टरडॅमला गेले तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि पाच सामन्यांत चौदा गोल करून आले; पण त्यांचा खरा भर मी १९३२ ते १९३६ असा धरतो. बलबीरसिंगांचा भर मी १९४८ ते १९५२ असा धरतो. १९५६ चे मेलबर्न त्यात घेतले नाही, कारण तिथे अफगाणिस्तानविरुद्ध पाच गोल केल्यानंतर उजव्या हाताचे बोट मोडले आणि पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना ते त्या दुखऱ्या हातानेच खेळले. तो सामना आपण १-० असा जिंकला आणि गोल रणधीरसिंग जेंटल यांचा होता. कर्णधार म्हणून बलबीरांची ती फार मोठी कामगिरी आहे, यात शंका नाही. पण गोल करणाऱ्याचा भर मोजताना ती आधाराला घेता येत नाही.

आता तुझी बाजू, आणि ती मी तुझ्यापेक्षा भक्कम मांडून दाखवतो. बलबीरसिंग तीन ऑलिंपिक मिळून आठच सामने खेळले आणि त्यांत बावीस गोल त्यांच्या नावावर आहेत, म्हणजे सामन्याला पावणेतीन. ध्यानचंदांची ॲमस्टरडॅमची सरासरी काढली तर तीही जवळपास तेवढीच, २.८ येते. मग फरक पडतो तो समोरच्या संघांत. १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये ब्रिटनने हॉकीचा संघ उतरवलाच नाही, त्यामुळे ज्यांनी हा खेळ आपल्याकडे आणला त्यांच्याशी ऑलिंपिकच्या मैदानावर गाठ पडण्याची वेळ ध्यानचंदांवर कधी आली नाही. बलबीरांवर ती दोनदा आली. १९४८ साली लंडनमध्ये, स्वातंत्र्याला वर्षही पुरते झालेले नसताना, वेम्ब्लीवरच्या अंतिम सामन्यात आपण यजमानांना ४-० असे हरवले, त्यातले पहिले दोन गोल बलबीरांचे. आणि १९५२ साली हेलसिंकीत उपांत्य सामन्यात ब्रिटनविरुद्ध आपण ३-१ असे जिंकलो, तेव्हाचे तिन्ही गोल त्यांचेच. त्यानंतर अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध सहापैकी पाच. पुरुषांच्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात एका खेळाडूने इतके गोल करण्याचा तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. त्या स्पर्धेत भारताने एकूण तेरा गोल केले आणि त्यांतले नऊ एकट्या बलबीरांचे होते. (त्याच आठवड्यात, त्याच हेलसिंकीत, आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकत होते. आपल्या जिल्ह्यात हेलसिंकी म्हटले की खाशाबाच आठवतात आणि ते योग्यच आहे, पण त्यामुळे बलबीरांचे ते पाच गोल आपल्या बोलण्यात फारसे येत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते.)

हे सगळे मला मान्य आहे, आणि तरीही माझे मत बदललेले नाही, ते का ते आता सांगतो.

बलबीरांचा भर आपल्याला मोजक्या सामन्यांत दिसतो. लंडनला त्यांना दोनच सामने मिळाले, हेलसिंकीला तीन. ध्यानचंदांचा भर मात्र सामन्यांत मोजण्यासारखा नाही, तो महिनोन्‌महिने चाललेल्या दौऱ्यांत आहे. १९३२ च्या दौऱ्यात भारताचा संघ ३७ सामने खेळला, त्याने ३३८ गोल केले आणि त्यांपैकी १३३ ध्यानचंदांचे होते. १९३५ च्या न्यूझीलंड दौऱ्यात ४८ सामने झाले, गोल झाले ५८४, आणि ध्यानचंदांनी आपल्या वाट्याच्या ४३ सामन्यांत २०१ गोल केले. म्हणजे सामन्याला साडेचारांहून अधिक, आणि तेही जहाजाचा प्रवास, परकी हवा, दर चार दिवसांनी नवे मैदान असे सगळे सोसून. तू म्हणशील की यांतले बरेच संघ दुबळे होते, आणि ते खरेच आहे. पण दुबळ्या संघाविरुद्ध एक दिवस आठ गोल करणे वेगळे आणि त्रेचाळीस सामने मन न ढळू देता तेच करत राहणे वेगळे, हे ज्याने एक मोसम तरी आघाडीच्या मधल्या, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे राहून काढला आहे त्याला पटायला हरकत नाही. शिवाय त्या काळचा ऑफसाइडचा नियम आठव. चेंडू पुढे मिळवायचा तर तुझ्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत, दोन चालत नसत. गोलरक्षकापाशी जाऊन उभे राहायची सोय नव्हती, डी मध्ये, म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळात, शिरायचे तर चेंडू घेऊन किंवा क्षण साधूनच. हा नियम बलबीरांनाही होता, हे मी विसरलेलो नाही. एवढेच की दोघांचेही गोल आजच्या मोजपट्टीने स्वस्त ठरवता येत नाहीत.

पण माझा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे आणि तो वहीत आकडे मांडताना मला पहिल्यांदा दिसला. ॲमस्टरडॅमला भारताने २९ गोल केले, त्यांत ध्यानचंदांचे चौदा, म्हणजे जवळजवळ निम्मे. १९३२ च्या दौऱ्यात हा वाटा शंभरात एकोणचाळीसांवर आला आणि १९३५ साली चौतीसांवर. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये दोनच सामने झाले, जपानविरुद्ध ११-१ आणि अमेरिकेविरुद्ध २४-१. त्या दोन्हींत मिळून ध्यानचंदांचे बारा गोल होते आणि त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग यांचे तेरा. एकट्या अमेरिकेविरुद्ध रूपसिंगांनी दहा केले. खेळाडू चढत्या भरात आहे आणि संघाच्या गोलांतला त्याचा वाटा मात्र उतरतो आहे, हे कोडे मला दोन दिवस सुटेना. मग आपले कॉलेजचे दिवस आठवले. तू इनसाइड लेफ्टला, म्हणजे माझ्या लगत डावीकडे, आणि मी सेंटर फॉरवर्डला. दोन बचाव खेळाडू माझ्या अंगावर ओढून घ्यायचे आणि चेंडू तुझ्याकडे सरकवायचा, किंवा याच्या उलट. गोल वहीत एकाच्याच नावावर लागायचा. तुझ्या पासवर मी केलेल्या किती गोलांची बक्षिसे मी घेतली आणि तुझे नाव कोणी घेतले नाही, हे तुला बोलून दाखवायचे राहून गेले होते, ते आज लिहितो. ध्यानचंद इनसाइड लेफ्टला भाऊ उभा असताना खेळत होते. रूपसिंग स्वतः असामान्य होते, त्यांचे श्रेय मी कमी करत नाही. पण सगळी बचावफळी ज्याच्याकडे डोळे लावून उभी आहे असा माणूस मध्ये असला की त्याच्या डाव्या-उजव्या हाताला किती जागा मोकळी होते, हे तू आणि मी अनुभवाने जाणतो. म्हणून १९३२ नंतरच्या ध्यानचंदांचा भर त्यांच्या स्वतःच्या गोलांत अर्धाच दिसतो, उरलेला अर्धा इतरांच्या गोलांत आहे.

हेलसिंकीतली बलबीरांची गोष्ट याच्या उलटी आहे. त्या संघात कुंवर दिग्विजयसिंग बाबू यांच्यासारखा चेंडूवर हुकमत असलेला कर्णधार होता, गोलाची संधी तयार करणारे होते, आणि शेवटचा घाव घालण्याचे काम एकाच माणसावर सोपवलेले होते. बलबीरांनी ते काम ज्या अचूकपणे केले तितक्या अचूकपणे ते ध्यानचंदांनीही कधी केले असेल असे मला वाटत नाही. इथे मी तुझ्यापुढे हार मानतो.

मात्र ध्यानचंदांना कसोटीचा सामना मिळालाच नाही, हे तुझे वाक्य मला मान्य नाही. बर्लिनमध्ये ऑलिंपिक सुरू होण्यापूर्वी सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपल्याला ४-१ असे हरवले होते. संघ इतका हादरला की भारतातून आघाडीचे खेळाडू अली दारा यांना तातडीने बोलावून घ्यावे लागले. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला, १५ ऑगस्ट १९३६ रोजी ओल्या मैदानावर झाला, आणि मध्यंतराला आपण अवघ्या एका गोलाने पुढे होतो. पुढच्या अर्ध्यात कर्णधार ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट काढून ठेवले आणि सामना ८-१ असा संपला. ध्यानचंदांचे त्यातले गोल कुठे तीन मोजलेले आहेत, कुठे सहा. तीन धरले तरी माझे म्हणणे बाधित होत नाही, कारण महिन्याभरापूर्वी ज्या संघाने आपल्याला हरवले होते त्याच संघावर ही मात होती, आणि तेव्हा ध्यानचंद एकतीस वर्षे पुरी होण्याच्या उंबरठ्यावर होते. त्यानंतरची १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिके युद्धाने गिळली.

तेव्हा माझा निवाडा असा. हेलसिंकीचे ते तीन सामने म्हणजे सुळका आहे, आणि भारतीय हॉकीत त्याहून उंच सुळका मला माहीत नाही. ध्यानचंदांची १९३२ ते १९३६ ही वर्षे आपल्या कासच्या पठारासारखी आहेत. चढून वर गेल्यावरही माणूस तासन्‌तास चालत राहतो आणि उंची कमी होत नाही. ऐन भरातली वर्षे, असे अनेकवचन तूच तुझ्या पत्रात वापरले आहेस, आणि वर्षेच मोजायची तर मला पठार निवडावे लागते. तू प्रश्न तीन सामन्यांचा केलास, तर मी तुझ्या बाजूला येऊन उभा राहीन.

पुढच्या महिन्यात फलटणला माझे येणे आहे. तिथल्या मुली भारताच्या संघात पोचल्यापासून लहान पोरीही सकाळी स्टिक घेऊन मैदानावर येतात, त्या मला पाहायच्या आहेत. तू सांगलीहून निघून तिथे आलास तर बरे होईल. येताना तुझी वही घेऊन ये. लंडनच्या अंतिम सामन्याबद्दल तू काय काय टिपून ठेवले आहेस ते मला समोर बसून वाचायचे आहे, कारण तुझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हेलसिंकीत नसून वेम्ब्लीवर आहे, असे मला हे पत्र लिहिता लिहिता वाटू लागले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव